डाळवाल्याने डाळ सोडली तेव्हा

पॅलिओ डाएट करावं की नाही, असं आजही कोणी मला विचारलं तर मी आधी त्याला विचारतो, तुमचा धंदा काय? सोनार असाल, शिंपी असाल, तर खुशाल करा. अकोल्यात डाळ विकत असाल तर जरा बसा आणि माझं ऐका.

मी डाळवाला. लिलाव आटोपल्यावर मार्केट यार्डात जे धान्य मातीत सांडून राहायचं, ते मातेरं विकत घेऊन, चाळून, पाखडून मी धंदा सुरू केला. तेव्हा माझी डाळ घ्यायला कोणी तयार नसे. 'याच्या डाळीत खडे निघतीन' म्हणायचे. म्हणून मी एक रीत पाडली. गिऱ्हाईक बोट दाखवेल ते पोतं उघडायचं, त्याने आपल्या हाताने मूठभर डाळ काढायची, ती दुकानातच स्टोव्हवर मीठ-हळद घालून शिजवायची आणि दोघांनी एका ताटात खायची. पहिला घास माझा, मग त्याचा. मगच भावाची गोष्ट. पुढे माझी स्वतःची मिल झाली, पंखा जाऊन एसी आला, पण घास सुटला नाही. अकोल्यात माझ्यापेक्षा मोठे डाळवाले पुष्कळ होते. घास खाणारा मी एकटा होतो.

अशा माणसाने डाळ कशी सोडली? साडूमुळे.

माझे साडू अमरावतीला कॉलेजात शिकवायचे. निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही, म्हणून नातेवाइकांना शिकवू लागले. त्यांच्या मुलाच्या साखरपुड्यात मी जेवायला बसलो होतो. वाढणारा मला तिसरी पोळी वाढणार, तोच हे मागून मोठ्याने म्हणाले, "अरे, त्यांना नको वाढू. गोदाम फुल हाय!" सगळी पंगत हसली. माझी सख्खी बायको हसली. ती पोळी पुढच्या पानावर गेली. ती पोळी मी अजून विसरलेलो नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि स्वतःच्या पँटची कंबर पुढे ओढून दाखवली. आत आणखी एक प्राध्यापक मावला असता. "पॅलिओ," ते म्हणाले. आदिमानव शेती शिकला नव्हता तेव्हा जे खात होता तेवढंच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, बदाम. धान्य बंद, डाळी बंद, दूध-साखर बंद. "पण तुमच्यानं नाही होणार, साडूभाऊ. तुमच्या अंगात रक्त नाही, वरण हाय."

त्यांनी मला हे बोलायला नको होतं. मी तिथेच पैज मारली. त्यांच्या मुलाच्या लग्नापर्यंत दोघांनी पॅलिओ पाळायचं. जो आधी मोडेल त्याने लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याला हात जोडून, आग्रह करकरून वाढायचं.

पैज लागली, पण मी छापील भावाने आयुष्यात काही घेतलेलं नाही. आदिमानव तरी कसा घेणार?

"ज्वारी ठेवू द्या," मी म्हणालो.

"नाही."

"मंग हुरडा? तो तं हिरवा असते. भाजीच समजा."

"नाही."

"शेंगदाणे?"

"ते डाळीच्याच जातीतले."

"जमिनीतून निघतात ना? कंदमुळात धरा."

"साडूभाऊ, आदिमानव घासाघीस करत नव्हता."

"म्हणूनच गुहेत राहिला."

काही सुटलं नाही. ठेचा तेवढा पदरात पडला, तोही शेंगदाण्याशिवाय.

आता खरं सांगायचं तर फायदे झाले. रागावलेला असलो तरी मी मापात खोट करत नाही. पायजम्याची नाडी दर आठवड्याला जास्त लोंबायला लागली. दुपारी जेवल्यावर गादीवर डोळे मिटायचे ते मिटेनात, त्यामुळे दुपारच्या वेळी मला गाठून भाव पाडून घेणारे दोन-तीन दलाल उघडे पडले. जिना चढताना गुडघे बोलत नव्हते. डॉक्टरांनी साखर तपासून विचारलं, "काय केलं?" मी म्हणालो, "जंगलात राहून राहिलो." ते म्हणाले, "राहा, पण गोळ्या मला विचारल्याशिवाय सोडू नका."

तोटे घरातून सुरू झाले. आमच्याकडे मटण घराच्या आत शिजत नाही. मागच्या अंगणात वेगळी चूल, वेगळं भगुणं. रविवारपुरतं ते चालायचं. आता रोजच म्हटल्यावर बायकोने हात झटकले.

"आदिमानवाची बायको त्याले मटण करून देत होती का?" तिने विचारलं.

"देत असंन."

"पाह्यलं होतं का तुमी? त्यानंच मारलं, त्यानंच भाजलं, त्यानंच खाल्लं. मंग तिले काय पाह्यजे ते तिनं खाल्लं. मी आज वरण-भात, तूप अन् वर लिंबू खाऊन राहिली."

तर मी, मिलचा मालक, अंगणात धुराने झोंबणारे डोळे पुसत बसायचो आणि आतून लसणाच्या फोडणीचा चर्र आवाज यायचा. भिंतीवर चार मांजरी ओळीने बसून माझ्याकडे पाहायच्या. साऱ्या गल्लीत मला मान देणाऱ्या तेवढ्याच उरल्या होत्या.

दुसरा तोटा रागाचा. मी मुळात शांत माणूस नाही, पण भाकरीच्या आधारावर बराच काळ निभत होतं. भाकरी गेली आणि आधार गेला. वजनकाट्यावर ओरडलो. एसीवर ओरडलो. एकदा फोनवर बराच वेळ भांडून झाल्यावर कळलं की समोरचा माझं म्हणणं कबूलच करून राहिला होता.

तिसरा तोटा बदामाचा. खिशात बदाम ठेवून ते चघळत मी लिलावात उभा राहायचो. आमच्या भागात ती वर्षं विचित्र होती. एका हंगामात तुरीला असा भाव की लोक डाळीत पाणी वाढवून जेवत, आणि पुढच्या हंगामात तीच तूर खरेदी केंद्रापुढे पोत्यात पडून. कपाशीवर अळी, सोयाबीनवर पाऊस. त्यात मी बदाम खात उभा. अकोटकडचा एक शेतकरी दरवर्षी मलाच तूर घालायचा. त्याने माझ्या हातातल्या बदामाकडे नीट पाहिलं.

"काहून शेठ, डाळ सोडली म्हणते तुमी?"

"तब्येतीसाठी."

"असं का? आमी इकडे तूर विकल्या जात नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ तूरच खाऊन राहिलो, आमची तब्येत पाहा." त्याने बाही वर करून काडीसारखा हात दाखवला. "आमचं पॅलिओ फुकट होते, शेठ."

सगळे हसले. मी त्याला बदाम देऊ केले. त्याने मूठभर घेतले आणि वर त्या दिवशी भावही वाढवून घेतला.

पण खरा घोटाळा पुढे झाला. 'शेठनं डाळ सोडली' ही बातमी यार्डाच्या फाटकातून बाहेर पडताना 'शेठ आपल्या मिलची डाळ खात नाही' अशी झाली. एकाने तुरीत स्वस्तातली लाखोळी डाळ मिसळल्याचं सांगितलं, दुसऱ्याने डाळीला रंगाचं पॉलिश मारल्याचं. घास खाऊन कमावलेलं नाव घास न खाल्ल्याने जायला लागलं. आणि मग अमरावतीहून चाचांचा फोन आला.

चाचा म्हणजे अमरावतीतले बावर्ची. लग्न कोणाचंही असो, कोणत्याही मोहल्ल्यातलं, स्वयंपाकाची मोठी देग यांचीच. दालचा, वरण, आमटी, जे काही शिजेल ते माझ्या डाळीचं. ते माझ्याकडून डाळ घेतात म्हणून बाकीचे घेत. चाचा गेले असते तर त्यांच्या मागे अर्धी अमरावती गेली असती.

"सेठ, आ रहा हूं," ते म्हणाले. "एक शादी का ऑर्डर है. घास खाएंगे."

दुसऱ्या दिवशी चाचा आले, आणि त्यांच्या मागून पायऱ्या चढून आले माझे साडू. लग्न त्यांच्याच मुलाचं होतं.

"मी फक्त पाहायला आलो," साडू म्हणाले. त्यांच्या हातातल्या डब्यात उकडलेली अंडी होती.

चाचांनी पोत्यांच्या रांगेत फिरून सर्वांत मागचं पोतं उघडायला लावलं, मूठ काढली. डाळ स्टोव्हवर चढली. वाफ माझ्या नाकात गेली आणि माझ्या पोटाने सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला. ताट मध्ये आलं. चाचा हात धुऊन बसले आणि माझ्याकडे पाहू लागले.

खाल्ला तर साडू जिंकणार. नाही खाल्ला तर चाचा जाणार. साडूंनी खिशातून चष्मा काढून पुसला आणि नीट डोळ्यावर चढवला.

"सेठ, क्या हुआ?" चाचा म्हणाले. "लोग जो बोल रहे, मैं नई मानता. मगर जिस दाल को तुम हाथ नई लगाते, वो मैं दूल्हे के सामने कैसे रखूं?"

"एक मिनिट, चाचा," मी म्हणालो. "घास कोणाकोणाचा असते?"

"बेचनेवाला और लेनेवाला."

"मंग लेनेवाला कोण? पैसे कोण देऊन राहिलं?"

चाचांनी मान वळवून साडूंकडे पाहिलं. साडूंनी अंड्यांचा डबा छातीशी धरला.

"मी तं... माझं पॅलिओ..." ते म्हणाले.

"बात वाजिब है," चाचा म्हणाले आणि सरकून त्यांना जागा करून दिली. "बैठो, सर."

साडू बसले. आता ताटावर आम्ही दोघं आणि दोघांचाही हात पुढे जाईना. पहिला घास माझा अशी रीत, याची साडूंनी मला आठवण करून दिली. पाहुण्याचा मान आधी, याची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, तुमी मोठे. मी म्हणालो, तुमी शिकलेले. डाळ निवायला लागली तसे चाचा भडकले.

"ये दाल खाने बैठे कि निकाह कबूल करने? दोनो एक साथ! चलो, बिस्मिल्ला!"

आम्ही एकदम घास उचलला आणि एकदमच तोंडात घातला. नुसतं मीठ-हळदीचं वरण. मी डोळे मिटले. अंगणातला सगळा धूर विसरलो. डोळे उघडले तर साडूंचा हात पुन्हा ताटात होता. दुसरा घास त्यांनी आधी घेतला, हे मी आजही कोणत्याही देवळात सांगायला तयार आहे. ते म्हणतात की ते ताट पुसत होते.

चाचांनी शेवटी घास घेतला, हळूहळू चावला आणि मान डोलावली. "माल अच्छा है." माझा जीव भांड्यात पडला. मग ते हात पुसत म्हणाले, "मगर सेठ, अपने माल का घास उठाने को तुमने इतना टाइम लिया. मैं दाल चखने आया था, तुम्हारा डर भी चख लिया. भाव नीचे करो."

मी आयुष्यभर लोकांचे चेहरे वाचून भाव पाडत आलो, आणि त्या दिवशी माझ्याच दुकानात, माझ्याच ताटावर माझा चेहरा वाचला गेला. भाव खाली आला. ती सूट गेली कोणाच्या घरात? साडूंच्या.

तेव्हा हिशेब असा. चहातली साखर मी पैजेच्या दिवसापासून सोडली ती सोडलीच, आणि रात्रीची पोळीही. पायजमा अजून सैल आहे. साडूंना याचं श्रेय मी देत नाही. डाळ मात्र दोन्ही वेळ, तीही गिऱ्हाइकांना दिसेल अशी दारातल्या टेबलावर बसून खातो.

राहिली ती सूट वसूल करायची. लग्नात पैज कोण हरलं याचा निकाल लागला नाही, पण साडू वरपिता, पंगतीत आग्रह करत फिरणं त्यांना भागच होतं. मी पहिल्याच पंगतीत बसलो. ते आले, मी वाटी पुढे केली. वरण वाढलं. ते पुढे जाऊन परत फिरेपर्यंत वाटी रिकामी. पुन्हा वाढलं. मी वाटी पुन्हा पुढे केली.

"साडूभाऊ, आता पुरे ना," ते हळूच म्हणाले.

"हात जोडा अन् आग्रह करा," मी म्हणालो. "गोदामात अजून जागा हाय."

फोटोवाला समोर उभा होता. त्यांनी हात जोडले. पलीकडे देगीपाशी उभे असलेले चाचा माझ्याकडे पाहून, आणखी भाव उतरवून घ्यायला हवा होता, अशा चेहऱ्याने मान हलवत होते.