किनाऱ्यावरच्या दगडांच्या राशी

माझी सगळी नोकरी जंगलखात्याच्या नाक्यावर गेली. आलापल्लीकडून सागवान भरलेला ट्रक आला की पास बघायचा, लाकडावरचा हातोड्याचा शिक्का बघायचा, दोन्ही जुळतात का बघायचं, आणि जुळले तरी ड्रायव्हरच्या तोंडाकडे एकदा नीट बघायचं. चोरी कागदात क्वचित सापडते, तोंडावर हमखास सापडते. निवृत्त होऊन राजुऱ्याला घर बांधलं तरी सवय सुटली नाही. बायको म्हणते, "तुमी एक दिवस भाजीवालीले बी पास मागान." मागीन. मला कसली लाज?

आमची पोरगी एकुलती एक. नर्सिंग शिकली आणि माल्ट्याला गेली, एका म्हाताऱ्या माणसाची देखभाल करायला. मी नकाशा काढून बसलो. भूमध्य समुद्रात, इटलीच्या पायाशी, माशी बसली तर झाकून जाईल एवढं बेट. इतक्या लांब, इतक्या लहान जागी आपल्या पोरीला कोणी कशाला बोलावील? मला तेव्हाच काहीतरी भानगड वाटली होती.

म्हणून आमची दुपारची जेवणं झाली, की तिची तिकडे सकाळ असायची, तेव्हा मी रोज व्हिडिओ कॉल करायचो. जेवलीस का, झोपलीस का, हे आईनं विचारायचं. मी विचारायचो, "कुठी आहेस? फोन फिरव." ती फोन गोल फिरवायची. भिंत, खिडकी, म्हाताऱ्याची रिकामी खुर्ची. "बघा नाकेदार साहेब, झाली तपासणी?" असं म्हणून हसायची. कधी चिडली नाही.

एक दिवस मात्र फोन फिरवला तर भिंत नाही, समुद्र दिसला. दगड, पायऱ्या, पाणी, आणि पाण्यात एक माणूस. लांब होता, डोकं तेवढं दिसलं. मी विचारलं, "तो माणूस कोण?" तिनं मान वळवली आणि फोन कापला. दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, नेटवर्क नव्हतं. त्यानंतर फोन फिरव म्हटलं की फक्त भिंत दिसायची, ती पण दुसऱ्याच रंगाची.

झालं. माझ्या डोक्यात तो पाण्यातला माणूस जाऊन बसला. कामाच्या वेळी पोरगी समुद्रावर काय करून राह्यली होती? कोणासोबत? बायकोला म्हणालो, "हिनं तिकडे कोणी धरला आहे, अन् तो चांगला नाई. चांगला असता तर सांगितलं असतं." बायको म्हणाली, "तुमच्यासारख्या बापाले कोण सांगते?" असे दोन-तीन महिने गेले आणि पोरीनंच निरोप दिला, तुम्ही दोघं या, बेट दाखवते. मी लगेच हो म्हटलं. समुद्र बघायची हौस मला नव्हती. मला तो माणूस बघायचा होता.

तिनं बेट दाखवलं, नाही म्हणत नाही. पहिल्या दिवशी राजधानी व्हॅलेटा, दुसऱ्या दिवशी मदिना नावाचं परकोटाच्या आतलं जुनं शहर. आपल्या चंद्रपूरचा परकोट काळा, हा पिवळा. मी एका मोठ्या दाराला बोटांनी ठोकून बघितलं, साग नव्हता. एका टेकडीवर दगडी देवळं होती, वर पांढरा तंबू ताणलेला. पिरॅमिडच्याही आधीची आहेत असं पाटीवर लिहिलं होतं. पाटी लिहिणाऱ्यासाठी कुठे नाका असतो? लिहिली असेल कोणीतरी. मासेमारीच्या होड्यांना पुढून डोळे रंगवलेले होते. ते तेवढे मला पटले. कोणीतरी नजर ठेवून होतं म्हणायचं. वाळूच्या किनाऱ्यावर बायको लुगडं गुडघ्यापर्यंत धरून लाटेत उभी राहिली आणि लहान पोरीसारखी हसत सुटली. मी वाळूत बसून आमच्या पोरीकडे येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष बघून घेत होतो. कोणी साधी मान हलवली नाही.

पण बाकीचं जुळत नव्हतं. आठवडा झाला, ही कामावर जाईना. विचारलं तर "सुट्टी आहे बाबा." एवढी सुट्टी कोण देतं? तिच्या कामाचा निळा ड्रेस दोरीवर कधी वाळताना दिसला नाही. ती अंघोळीला गेली तेव्हा मी कपाट उघडून बघितलं. हो, बघितलं. ड्रेस अगदी खाली, घडी करून, पिशवीत बांधून ठेवला होता. दोन माणसं राहत असल्याची काहीच खूण नव्हती, म्हणून माझा संशय आणखीच वाढला.

शेवटून दुसऱ्या दिवशी ती आम्हाला एका खडकाळ किनाऱ्यावर घेऊन गेली. वाळू नाही, सपाट पिवळे खडक, आणि पाण्यात उतरायला कोरलेल्या पायऱ्या. बसमधून उतरून चार पावलं चाललो आणि माझे पायच थांबले. त्या खडकांवर जिकडे तिकडे दगडांच्या राशी होत्या. लहान, मोठ्या, चाळीस-पन्नास तरी असतील.

आमच्याकडे जंगलात वाघानं माणूस मारला, की त्या जागेवर येणारा-जाणारा एक दगड टाकतो. रास वाढत जाते. नाव कोणाला आठवत नाही, पण दगड टाकल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. पोरगी लहान होती तेव्हा माझ्या मोटरसायकलवर पुढे बसायची, आणि अशी रास आली की गाडी थांबवून मी तिला खाली उतरवायचो. ती दगड शोधायची, टाकायची, हात जोडायची.

बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अवो, एवढे लोक मेले इथी?" आम्ही दोघांनी दगड वेचले आणि एकेका राशीवर ठेवून हात जोडायला लागलो. दहा-बारा झाल्या असतील. तिकडे एक गोरं जोडपं आमचा व्हिडिओ काढत होतं. मग पोरगी पळत आली. "बाबा, राहू द्या. फिरायला आलेले लोक रचतात ह्या, फोटोसाठी."

"फोटोसाठी?" मला इतका राग आला की हातातला दगड मी समुद्रात भिरकावला. दगड रचायचा तर कोणासाठी तरी रचावा. बायको हसून हसून बेजार झाली आणि वरच्या टपरीवर आइस्क्रीम आणायला गेली.

मी पायऱ्यांकडे वळलो, तर पोरगी पुढे गेली होती. तिनं मागे बघितलं नाही. वाकली, एक दगड उचलला आणि पायरीच्या बाजूच्या एका राशीवर टाकला. मग हात जोडले.

ती रास मी जवळ जाऊन बघितली. बाकीच्या मनोऱ्यासारख्या रचलेल्या होत्या, तोल सांभाळून. ही टाकलेली होती, एकावर एक, जसे पडले तसे. ही आमच्याकडची होती. निदान वीस दगड होते, म्हणजे ही पोरगी इथे निदान वीसदा आली होती.

"कोण मेला इथी?" मी विचारलं.

ती खडकावर बसली. म्हणाली, "माझा म्हातारा. रोज सकाळी पोहायचा. मी इथी टॉवेल घेऊन बसायची. त्या दिवशी पाण्यातच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कोणी पाण्यात जवळ असतं तरी वाचला नसता. पण त्याच्या लेकीनं मले त्याच दिवशी काढलं. तुमाले सांगितलं नाई, कारण दुसरं काम मिळालं नाई तर व्हिसा जाते, परत यावं लागते."

एवढं ऐकून बापानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला पाहिजे होता. मी विचारलं, "तू तवा कुठी होतीस?"

"इथीच. ह्याच दगडावर."

"मंग दिसला नाई तुले?"

"फोनवर होती."

"कोणाशी बोलून राह्यली होतीस?" आवाज माझा पुरता नाक्यावरचा होता. तो मला आजही ऐकू येतो.

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुमच्याशी."

मी खाली बसलो. पाण्यातलं ते डोकं, माझं ते "तो माणूस कोण?", आणि तिनं वळवलेली मान, सगळं एकदम डोळ्यापुढे आलं. इतके महिने मी ज्या माणसाला शोधत होतो, तो मीच पहिल्यांदा बघितला होता. जन्मभर मी कोणा डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी मात्र तो डॉक्टर खरं बोलला असेल, असं मी मनातल्या मनात शंभरदा म्हटलं. पोरगी म्हणाली, "म्हणूनच सांगणार नव्हती मी तुमाले." मी दगड शोधायला लागलो. पहिला हातातून निसटला. दुसरा राशीवर टाकला.

बायको तीन आइस्क्रीम सांभाळत खाली आली. आमची तोंडं बघून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काई नाई."

पुढच्या महिन्यात पोरीला एका वृद्धाश्रमात काम मिळालं. आता मी फोन करत नाही. ड्युटी संपली की ती करते, आणि तिचा हात सवयीनं फोन फिरवायला लागतो. मी म्हणतो, राहू दे.