दाणाओळीतला कौल

ग्वाल्हेरच्या दाणाओळीत आपटीकरांचं दत्तमंदिर आहे. तिथला देव माणसं निवडण्यात फार व्यवहारी आहे, हे गुरुप्रसाद आपटीकरच्या चरित्रावरून कुणालाही पटेल. ज्याचा बाप हयात आहे, ज्याच्या बाजूने चार शब्द बोलणारं कुणी आहे, त्याच्या वाटेला हा देव जात नाही.

एकतीस वर्षांपूर्वी जुने पुजारी वारले आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे कौल लावायचं ठरलं. रीत सोपी. घरातल्या प्रत्येक तरुणाच्या नावाचं एक फूल पाण्यात बुडवून मूर्तीला चिकटवायचं. ज्याचं फूल आधी गळेल, तो देवाचा. त्याने जन्मभर पूजा करायची आणि एकही रात्र ग्वाल्हेरबाहेर काढायची नाही. हा मान एवढा मोठा, की तो आपल्याला मिळू नये म्हणून चौघा चुलतभावांनी आठवडाभर आधीच नवस बोलून ठेवले होते. फुलं लावायचा अधिकार घरातल्या वडीलधाऱ्याचा, म्हणजे पांडुरंगरावकाकांचा. त्यांचा स्वतःचा केदारही त्या पाचांत होता. पण काका देवापुढे आपपरभाव करणारे नव्हेत, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

पोरका गुरुप्रसाद तेव्हा सव्वीसचा. पुण्याच्या एका कारखान्याचं नेमणूकपत्र त्याच्या खिशात होतं, सोमवारची गाडी होती. काकांनी हात मागे घेतला न घेतला तोच त्याचं फूल टपकन खाली पडलं. बाकीची चार मात्र आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तरी जागची हलली नाहीत. "देवानं बोलावलं रे तुला," म्हणत काकांनी डोळे पुसले आणि चारही भाऊ गुरुप्रसादच्या पाया पडले. इतक्या चपळाईने ते त्याआधी कुणाच्याच पाया पडले नव्हते.

पुढचं चरित्र म्हणजे रोजचे पहाटेचे चार. जानेवारीच्या कडाक्यात गार पाणी, जूनच्या झळांत तापलेली फरशी. शरयूच्या घरी स्थळ सांगताना 'मुलगा कायम नोकरीत आहे, बदली नाही' असं सांगण्यात आलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. भाऊ देशभर पांगले. दत्तजयंतीला तीन तासांसाठी येत, "तू भाग्यवान यार, आम्ही आपले मायेत अडकलो" असं हळहळत, आणि संध्याकाळच्या गाडीने मायेत परत जात. लेक अंतरा लग्न होऊन बंगळुरूला गेली. तिचं बाळ आजोबांनी पाहिलं ते फोनवर. त्या दिवशी गुरुप्रसाद गाभाऱ्यात रडला आणि बाहेर येऊन धुपाला बोल लावला. पण पहाटे चारला दार उघडलं नाही, असा एक दिवस गेला नाही.

मग गेल्या वर्षी सराफ्यात अंगठी घ्यायला आलेल्या एका मुलीने मंदिराची रील काढली. दोन महिन्यांत तिचं लग्न ठरलं आणि दत्तमहाराजांच्या दारात रांग लागली. गुरुवारी ती पार 'खासगी बाजार' नावाच्या पेठेपर्यंत जाऊ लागली. नोएडात निवृत्त होऊन बसलेल्या केदारला लगेच दृष्टांत झाला. देवाला त्याचा पत्ता एकतीस वर्षं सापडला नव्हता. रांग लागल्यावर मात्र तीन आठवड्यांत सापडला.

"बात अशी आहे, गुरु," केदार ओसरीवर बसून म्हणाला, "मला आतून आवाज येऊन राहिला आहे. तूही थकलास आता. आपल्या दोघांची फुलं लावू. देव जो बोलेगा, सर आँखों पर."

शरयूने मनातल्या मनात बंगळुरूची बॅगसुद्धा भरली. आपण सुटणार म्हणून गुरुप्रसादलाही आनंद व्हायला हवा होता. पण गुरुवारी परडीतून काढलेली दोन फुलं त्याने दोनदा परत ठेवली. हा देव आपल्या हातून जाईल, याची त्याला धास्ती होती. नोकरी गेली तेव्हाही त्याला इतकी भीती वाटली नव्हती.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या काकांना धरून गाभाऱ्यात आणलं. बाकी सगळे बाहेर सभामंडपात हात जोडून उभे. आत काका, गुरुप्रसाद आणि देव. काकांनी केदारचं फूल पाण्यात बुडवून देवाच्या उजव्या खांद्यावर ठेवलं. मग शालीच्या घोळातून एक लहानशी वाटी काढली आणि गुरुप्रसादचं फूल तीत बुडवायला घेतलं. या वेळी न पडण्याचा मान त्याचा होता.

"काका," गुरुप्रसाद हळू आवाजात म्हणाला, "पाणीच लावा. गुळाच्या पाकाला मुंग्या येतात."

काकांनी घाईने वाटी परत शालीत लपवायला घेतली. ती कलंडली, हातातलं फूल खाली पडलं आणि पाक देवाच्या पायांवर सांडला.

"तुला कधी कळलं?" काकांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी पहाटे. स्नान घालायला आलो, तर देवाच्या खांद्यापासून छातीपर्यंत मुंग्यांची रांग. चार फुलं, चारही जागी गूळ."

"म्हणजे देवानं नाही, मीच तुला अडकवलं, हे ठाऊक होतं तुला. नेमणूकपत्र खिशात होतं. सोमवारची गाडी होती. का नाही गेलास रे?"

गुरुप्रसादने खाली पडलेलं आपलं फूल उचलून परडीत ठेवलं.

"मुंग्या काढायला कुणीतरी हवं होतं, काका."

काका बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. केदार पुढे धावला. "काय झालं, बाबा? कुणाचं पडलं?"

"तुझं नाव निघालं," काका म्हणाले. "उद्या पहाटे चारला ये. स्नान तू घाल. वर्षभर तुझी पूजा बरोबर होतेय असं गुरुप्रसादला वाटलं, तर पुढचं बघू."

"चार? सुबह के?"

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसादने साडेचारपर्यंत दार उघडं ठेवून वाट पाहिली. बरोबर त्याच सुमाराला केदारला नोएडात राहिलेलं एक तातडीचं काम आठवत होतं. मग गुरुप्रसादने ओलं फडकं घेतलं, देवाच्या पायांवरच्या मुंग्या एकेक करून टिपल्या आणि स्नानाचं पाणी काढलं.