कूलर बंद हाय!

मी माझ्या बायकोला कूलरचा करंट दिला. जाणूनबुजून नव्हे, पण आमच्या जठारपेठेत हा खुलासा अजून कोणी मनावर घेतलेला नाही.

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. वीज या विषयावर तर मी झोपेतही बोलेन (मुलंही तो तास झोपेतच ऐकत). त्या उन्हाळ्यात सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, आठवडाभर मागे लागली होती, "अहो, कूलरले हात लागला का मुंग्या येते. मिस्तरीले बोलवा ना!"

"मुंग्या जीवनसत्त्व कमी झाल्यानं येतात," मी म्हणालो, आणि गोळ्या आणून दिल्या!

रविवारी तिची मोठी बहीण, शांताताई, अमरावतीहून रसाच्या जेवणाला आली. चौथी शिकलेली बाई, सारा जन्म भाजीच्या मळ्यात गेलेला. जेवणं झाल्यावर ती कावळे हाकायची काठी घेऊन ओसरीत बसली, कारण अंगणात कुरडया वाळत होत्या. मी चार वाट्या रस रिचवून कूलरपुढे आडवा झालो. सुलभा पाइप घेऊन अनवाणीच खिडकीबाहेर कूलरपाशी गेली.

"अहो, पाणी भरून राहिली मी! कूलर बंद केला काय?"

आमच्या कूलरला दोन बटणं. एक पंख्याचं, एक आतल्या पाण्याच्या मोटरीचं. मी पडल्या पडल्या हात लांबवून एक दाबलं. पंखा थांबला. आता आमच्या वऱ्हाडात पंखा थांबला म्हणजे कूलर बंद! कोणालाही विचारा.

"बंद हाय!" मी ओरडलो.

बाहेरून किंकाळी आली नाही. नुसता घशात अडकल्यासारखा आवाज आला. खिडकीतून पाहतो तर सुलभाचा पंजा कूलरच्या पत्र्याला चिकटलेला, डोळे विस्फारलेले. मी तसाच धावलो, ओल्या अंगणात, अनवाणी, तिला ओढायला दोन्ही हात पुढे करून.

फाड्कन काठी बसली मनगटावर!

"हात लावू नका, जवाईबापू! दोघंही जासान! मेन पाडा, मेन!"

"कोणता मेन?" मी विचारलं. (हाच मेन मी तीस वर्षं फळ्यावर काढला.)

शांताताईनं काठी टाकली. ओसरीतल्या पेटीकडे धावली, खटका खाली ओढला. सुलभा खाली कोसळली.

श्वास चालू होता. तळहात भाजला होता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखा रडलो. माझ्या एका आळशी शब्दावर ही बाई जिवानिशी गेली असती, दुसरं काही सुचतच नव्हतं.

"रडता काहून? ऑटो बोलवा!" शांताताई.

"मी बरी हाय वं ताई," सुलभा पुटपुटली.

"बरी दिसते म्हणून घरी ठेवाचं नसते. मळ्यातल्या मोटरीचे झटके लय पाह्यले म्या. छाती तपासून घेऊ आधी."

दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "प्लग काढला नव्हता का?"

"कूलर बंद होता," मी म्हणालो.

"पंखा बंद होता," सुलभा पलंगावरून म्हणाली. तेवढ्यावरून मला कळलं, ती वाचली.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी आला. अर्थिंगची तार तुटून लोंबत होती. ती त्यानं जोडली, करंट गळला की आपोआप पडणारं बटण बसवलं. पण शांताताईचा बटणावर विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच. तिनं जाताना कायदा करून ठेवला: पाणी भरताना प्लग उपटायचा, आणि भरणारीच्या डोळ्यांसमोर धरायचा.

म्हणून रोज पाच वाजता मी अंगणात पायात चपला घालून, प्लग धरलेला हात वर करून, पाणी भरून होईपर्यंत उभा असतो. परवा माझा एक जुना विद्यार्थी फाटकाशी थांबला.

"गुरुजी, तुमाले काहून उभं केलं?"

म्हटलं, "अभ्यास केला नव्हता, बापा!"