राहिलेला घोट

आधीच सांगते, मला राग लवकर येतो आणि किळस त्याहून लवकर. नवरा म्हणतो, तुझं नाक तुझ्याआधी खोलीत शिरतं. शिरू दे! पण त्या दिवसांत मला जी शिसारी आली होती ती वासाची नव्हती, माणसांची होती. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगत सुटले होते.

गोष्ट मावशींची आहे. मावशी माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. मूळच्या मिरजेकडच्या, चाळीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून म्हैसूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. नजरबादला सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायच्या. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत घसरायच्या. "सुम्ने बसू नको गं, कांदा चिर." सुम्ने म्हणजे उगीच. तो शब्द आता माझ्याही तोंडी बसलाय.

आम्ही नगरहून इथे आलो त्या पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला. नवरा कंपनीच्या कामाला परगावी. मावशींची ओळख होऊन जेमतेम महिना झालेला. त्या नजरबादहून हिनकलला आमच्या घरी बस बदलत आल्या आणि आठ दिवस राहिल्या. एकदा मोरीपर्यंत पोचले नाही, तर त्यांच्या ओंजळीतच ओकले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्या म्हणाल्या, "असू दे, पोटातलंच आहे, रस्त्यावरचं नाही." गोळी दिली की हलायच्या नाहीत. डोळे मिटून, कान माझ्या गळ्याकडे करून उभ्या. "गिळ. आवाज आला पाहिजे. गालात गोळी लपवणारे पेशंट मी जन्मभर पाहिलेत."

बरी झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना त्यांच्या शनिवारच्या वाचनाला नेलं. कानडी उपासना आम्हाला कळायची नाही, आणि इंग्रजी कळायची पण आत उतरायची नाही. म्हणून मावशींनी गावातली मराठी ख्रिस्ती माणसं एकेक करून गोळा केली होती. वसईचे काका, पक्के कॅथलिक. पुण्याचं एक जोडपं, आमच्यासारखंच जुन्या मिशनच्या चर्चमधलं. आणि सोलापूरचा एक इंजिनियर, ज्याला सगळे ब्रदर म्हणत, कारण तो मोठ्या माणसांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतला. महिन्यातून दोन शनिवार आम्ही गोल बसायचो आणि एकेकाने एकेक वचन वाचायचं. चर्चा नाही, प्रवचन नाही. मावशींचा नियम एकच होता. "आपापलं चर्च बाहेर चपलांपाशी ठेवा आणि आत या." काकांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, आमच्यापेक्षा काही पुस्तकं जास्त. त्यावर ब्रदर बारा वर्षांत एक अक्षर बोलला नाही. त्याच्या स्वभावाला ते उपासासारखंच होतं.

मग मावशींना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे परत आले, पण तोंड डावीकडे वाकडं झालं आणि त्या कोपऱ्यातून सारखी लाळ गळू लागली. दिसणं साखरेने आधीच नेलं होतं. त्यांच्या भाच्याने पेरियापट्टणच्या पुढे, बैलकुप्पेच्या अलीकडे, सिस्टरांनी चालवलेल्या एका वृद्धाश्रमात जागा बघितली. जागा चांगली होती, सिस्टर प्रेमळ होत्या. फक्त मराठीचा एक शब्द कानावर पडणार नव्हता.

जायच्या आधी मावशींनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. "बारा वर्षं एक शास्त्र वाचलं. आता एकदा सगळ्यांनी मिळून प्रभूची भाकर मोडा. एका भाकरीतून, एका पेल्यातून. माझ्या डोळ्यादेखत." मग स्वतःच हसल्या. "डोळे कुठले मेले. माझ्या कानादेखत."

एवढंच. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून म्हाताऱ्या बाईने एक घास आणि एक घोट मागितला, आणि काय तमाशा झाला म्हणता! काका म्हणाले, फादरांशिवाय आम्हाला चालत नाही, आणि फादर तुमच्यात यायचे नाहीत. ब्रदर म्हणाला, ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी नुसता पाणी शिंपडून झालाय, त्यांच्याबरोबर प्रभुभोजन घ्यायला माझं मन धजत नाही. पुण्याच्या वहिनी म्हणाल्या, दीक्षा झालेले पाळक हवेत, आणि भाकर म्हणजे ज्वारीची का पावाची, तेही एकदा विचारून घेऊ. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये चार दिवस वचनं फेकाफेकी चालली होती. ज्या अध्यायात प्रभू आपली सगळी माणसं एक असावीत म्हणून पित्याकडे मागणं मागतो, तो अध्याय आम्ही नुकताच वाचून संपवला होता. त्यातलीच वचनं एकमेकांना हाणत होते!

मला अक्षरशः मळमळलं. मी नवऱ्याला म्हटलं, ही माणसं नव्हेत, नळावर भांडणाऱ्या बाया बऱ्या. ग्रुपवर मी लिहिलं, "बाराव्या वर्षीही चपला आतच आणल्यात तुम्ही. शी!" मग मावशींना फोन करून छातीठोक सांगितलं, "कुणी येवो न येवो, मी तुमच्या शेजारी बसेन. तुमच्या हातून पहिला पेला मी घेईन."

"आयतु, आयतु," मावशी म्हणाल्या, म्हणजे बरं बरं. "त्यांना सांग, प्रभुभोजन नको. म्हातारी गावाला चाललीय, तिचं निरोपाचं जेवण आहे. जेवायला तर पाळक लागत नाही ना?"

बघा, चाळीस वर्षं रोग्यांना कडू औषध पाजलेली बाई. सगळे आले.

शनिवारी दुपारी खोलीत सामान बांधून ठेवलेलं. मी घरून ज्वारीची एक मोठी भाकरी थापून नेली होती. काळी द्राक्षं उकळून गाळलेला रस मावशींच्या रोजच्या स्टीलच्या पेल्यात ओतला. वाचन झालं. मावशींनी भाकरी चाचपली, मोडली आणि अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे दिली. कुणी "हे जेवण" म्हणालं नाही आणि कुणी "हे प्रभुभोजन" म्हणालं नाही. सगळे खाली बघून खात होते. मी मात्र मान वर करून एकेकाचं तोंड बघत होते, कोण अडखळतंय ते.

मग मावशींनी पेला उचलला, प्यायल्या, आणि माझ्याकडे दिला.

पेल्याच्या काठापासून त्यांच्या ओठापर्यंत लाळेची तार होती. ती तुटून काठावरून आत ओघळली. रसावर पांढरट बुडबुडे तरंगत होते आणि भाकरीचा एक भिजलेला कण. माझ्या घशाशी आलं. मी ओठ घट्ट मिटले, पेला तोंडाला लावला, मान मागे टाकली, खाली घेतली, आणि पेला पुढे दिला. कुणाला कळलं नाही.

पुढे ब्रदर होता. ज्याला मी चार दिवस ढोंगी म्हणत होते, तो. त्याने काठसुद्धा फिरवला नाही. डोळे मिटले आणि घटकन घोट घेतला. काकांनी क्रूसाची खूण केली आणि प्यायले. वहिनी प्यायल्या, त्यांचे यजमान प्यायले, माझा नवरा प्यायला. पेला गोल फिरून मावशींकडे परत आला. उरलेलं देणाऱ्याने संपवायचं, अशी आपली रीत. मावशींनी पेला हातात तोलला, पण तोंडाला लावला नाही. शेजारच्या स्टुलावर ठेवला. मला वाटलं, त्यांना गिळायला त्रास होत असेल.

मग गाणं झालं, रडारड झाली. ब्रदरने काकांना मिठी मारली. भेटायला येऊ म्हणून सगळ्यांनी शपथा घेतल्या आणि एकेक करून गेले. नवरा सामानाच्या पेट्या भाच्याच्या गाडीत ठेवायला खाली उतरला. मी पेला उचलून मोरीत नेला, तळाचं ओतून दिलं आणि साबणाने दोनदा घासला.

बाहेर आले तर मावशी स्टुलावर हात फिरवत होत्या.

"पेला कुठाय गं?"

"धुऊन ठेवला, मावशी."

"आणि आतलं?"

"ओतलं. थोडंसंच होतं."

त्यांचा हात तसाच स्टुलावर राहिला. "अय्यो," त्या हळूच म्हणाल्या. "तुझा घोट होता तो, बाळ. सगळ्यांच्या गळ्याचा आवाज आला, तुझा नाही आला. म्हटलं, चारचौघांत जमलं नसेल. सगळे गेल्यावर घेईल, म्हणून ठेवला होता."

जिभेला हाड नसलेली मी, ग्रुपवर शी म्हणून लिहिणारी मी, मोरीकडे तोंड करून उभी राहिले. मोरीच्या जाळीवर तो भाकरीचा कण अडकलेला दिसत होता. इतके दिवस किळस किळस म्हणून जी मी दुसऱ्यांच्या दारात टाकत होते, ती सगळी माझ्याच घरची निघाली. मावशींनी बारा वर्षं एकत्र ठेवलेली माणसं शेवटच्या दिवशी एका पेल्यातून प्यायली होती, एक मी सोडून. आणि मावशी तो पेला दुसऱ्यांदा माझ्या हातात द्यायची वाट बघत होत्या.

"मावशी, मी..." एवढंच तोंडातून निघालं.

"साकु," त्या म्हणाल्या. म्हणजे पुरे. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

खालून भाच्याने हॉर्न वाजवला. दर शनिवारी निघताना मी वाकायचे आणि मावशी माझ्या कपाळाचा मुका घ्यायच्या, बारा वर्षांची सवय. त्या दिवशीही मी वाकले. त्या थांबल्या. आधी पदर शोधला, तोंडाचा तो कोपरा नीट पुसला, पुन्हा एकदा पुसला. मग मुका न घेता त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.