संदूच्या अंगातल्या माझ्या पेशी

माझ्या भावाला मीच मारलं, असा मला वर्षभर संशय होता.

मी मुळातच संशयी बाई. कुलूप लावलं की परत परत ओढून बघते. डॉक्टरांनी दिलेली गोळी आधी गूगल करते, मग गिळते. नवरा म्हणतो, "तू बँकेत कशाला गेलीस, पोलिसात जायचंस."

संदू माझा धाकटा भाऊ. सायखेड्याला द्राक्षबाग, बायको ज्योती, एक मुलगी. तोंड सतत चालू.

त्याला ब्लड कॅन्सर निघाला. बोन मॅरो बदलायचं ठरलं. टेस्ट झाल्या आणि माझा मॅरो जुळला.

सगळे खूश. फक्त आत्याचं तोंड वाकडं.

"लेक दिली की परक्या घरची झाली. तिचं रक्त ह्याच्या अंगात रुळंल का? लय इचार करा."

संदू हसला. "आत्या, पेशी काय आडनाव विचारत नाय."

इथेच तो चुकला. पेशी विचारतात.

डॉक्टरांनी नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. पेशी गप्प नसतात म्हणे. प्रत्येकीच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. पहाऱ्यावरच्या पेशी फिरत राहतात, दुसरीला चिकटून चाचपतात, तू कोण, कुठली? खूण पटली नाही की रसायनं सोडून बाकीच्यांना हाक मारतात. या गं, इथे कोणीतरी परकं आहे.

"सख्ख्या भावंडांतही बारीकसारीक फरक राहतात," डॉक्टर म्हणाले. "आता पहाऱ्यावर ताईंच्या पेशी असणार."

"मेलो!" संदू म्हणाला. "म्हणजे आता आतूनपण चौकशी!"

हसलो आम्ही. खरंच हसलो.

मॅरो दिला. संदू घरी आला. भाऊबीजेला मास्क लावून पाटावर बसला. त्याचा ब्लड ग्रुपसुद्धा बदलून माझा झाला होता. ताटात ओवाळणी टाकत म्हणाला, "घे, तुझंच तुला."

मग तळहातांवर लाल पुरळ आलं. मग जुलाब. मग डोळे पिवळे.

मी विचारलं की एकच उत्तर. इन्फेक्शन.

इन्फेक्शन तर इन्फेक्शन, पण मी खोलीत गेले की सगळे गप्प का? डॉक्टरांचा फोन आला की ज्योती उठून अंगणात का जाते?

संदू गेला.

दहाव्याला जो तो मला जवळ घेऊन म्हणायचा, "तू तुझं सगळं केलंस हो."

का? मी कुठे काय विचारलं होतं?

घरी येऊन वाचत बसले. देणाऱ्याच्या पेशींना कधी कधी घेणाऱ्याचं अख्खं शरीरच परकं वाटतं. त्या हल्ला करतात. त्वचेवर, आतड्यांवर, लिव्हरवर.

नवऱ्याला दाखवलं. "काहीही वाचू नकोस," तो पटकन म्हणाला. फारच पटकन म्हणाला.

म्हणजे यालाही माहीत होतं.

आज वर्षश्राद्ध होतं. पंगती उठल्यावर ज्योतीला मागच्या दारी गाठलं.

"खरं सांग. माझ्याच पेशींनी ना?"

ती पदराला हात पुसत राहिली.

"हो ताई."

तिथेच पायरीवर बसले.

"मग वर्षभर मला का गं फसवलंत?"

"यांनीच शपथ घातली होती. म्हणले, ताईला कळलं तर ती अन्न सोडंल."

ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"पण ताई, कॅन्सर परत आलाच नव्हता. डॉक्टर म्हणले, उरलासुरला कॅन्सर तुमच्याच पेशींनी हुडकून हुडकून मारला. त्याच्यामुळंच पोरीचा वाढदिवस बघितला यांनी. शेवटी शेवटी म्हणायचे, ताईच्या नजरेतून काय सुटतंय व्हय! फक्त आता बास म्हणलेलं तिला ऐकू जात नाय."

मी रडता रडता हसले. हुबेहूब तोच बोलल्यासारखं वाटलं. मेल्याने मरतानाही माझी खेचली.

दोघी पायरीवर बसून खूप रडलो. तिचा माझ्यावर राग नव्हता. मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून निरखून बघितलं, खरंच नव्हता.

संदू, तू धाकटा, म्हणून तुझ्या पाया पडायची वेळ कधी आली नाही.

आज सगळ्यांसमोर तुझ्या फोटोपुढे डोकं टेकवलं.

जिथे असशील तिथे सुखात राहा रे.