गाळलेलं कडवं

निवृत्त झाल्यावर मी मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावच्या लायब्ररीसाठी म्हाताऱ्या माणसांची फ्रेंच गाणी टेप करायचो. या लोकांचे आजी-आजोबा कॅनडातून इथल्या कापडगिरण्यांत कामाला आले होते. माझं फ्रेंच पुण्यात शिकलेलं, शुद्ध. पुढे पॅरिसमध्ये चार वर्षं नोकरीही झाली. तिथून आणलेलं लोकगीतांचं पुस्तक मांडीवर ठेवूनच मी ऐकायला बसे.

२००३ च्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या, ऐंशी उलटलेल्या एका बाईंनी मेंढ्या राखणाऱ्या मुलीचं गाणं म्हटलं. नदीकाठी ती नावाड्याची वाट बघते, एवढंच पुस्तकात होतं. बाईंच्या गाण्यात मात्र चौथ्या कडव्यात ती मेंढ्या सोडून गिरणीत जाते. भोंगा होतो, केसांत कापूस अडकतो.

"हे पुस्तकात नाही," मी म्हटलं.

"पुस्तक कधी गिरणीत गेलं होतं का?" त्या हसल्या. "माझ्या आईनं मागावर उभ्या उभ्या जोडलंय ते. लिहा गुपचूप."

मी लिहिलं नाही. लायब्ररीसाठी प्रत करताना ते कडवं गाळलं. मला ते भेसळ वाटलं. मूळ कॅसेटवर, नवी कशाला उघडायची म्हणून, दुसऱ्याच एका आजोबांचं गाणं टेप केलं.

दोन वर्षांनी बाई गेल्या. लायब्ररीतली प्रत ऐकून त्यांची मुलगी माझ्याकडे आली.

"आजीचं कडवं त्यात नाहीये. मला ते येत नाही हो. आईलाच यायचं."

"त्या दिवशी आठवलं नसेल त्यांना," मी म्हणालो. "वय झालं होतं."

तिचा चेहरा उतरला. "शेवटी ती सगळंच विसरायची. म्हणजे ते तेव्हापासूनच सुरू झालं होतं. आणि आमच्या लक्षातही आलं नाही."

मी तिला चहा विचारला.

२००७ मध्ये इथल्या मराठी मंडळाच्या भोंडल्यात नागपूरच्या एका मुलीनं सासरच्या गाण्यात व्हिसाची ओळ घातली. हशा पिकला. "काका, लिहून घ्या ना, पुढच्या वर्षी विसरेन यार!" मी हौसेनं लिहून घेतली. मग तो कागद हातात धरून बसून राहिलो. आपल्याकडच्या मुलीनं ओळ घातली तर कौतुक, आणि बाईंच्या आईनं गिरणीत कडवं जोडलं तर भेसळ?

दुसऱ्या दिवशी बाईंच्या मुलीकडे गेलो. सगळं सांगितलं. ती दारातल्या पायरीवर बसली.

"आई अडखळली नव्हती?"

"एकदाही नाही. गाळलं मीच. आणि तुमच्याशी खोटंही बोललो."

तिनं मान फिरवली. मग म्हणाली, "काय आठवतंय तुम्हाला?"

भोंगा, कापूस. शेवटी नावाडी येतो, पण तिला ओळखत नाही. शब्द आठवत नव्हते. ती चाल गुणगुणू लागली, त्यात स्वतःचे शब्द बसवून पाहू लागली. एक ओळ जमली नाही. ती तिनं बदलली.

"लिहू?" मी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी पुरं होऊ द्या."