तोफखान्याचे कान

बूथमध्ये मी कुठलाच आवाज सोडला नव्हता, तरी शेलारांनी बटण दाबलं.

मी थांबले. पुन्हा काहीच न वाजवता नुसता मशीनवर हात ठेवला. त्यांनी पुन्हा दाबलं.

ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी. पेशंट एका बंद, शांत खोक्यात बसतो, त्याला आम्ही बूथ म्हणतो. त्याच्या कानावर हेडफोन असतो, हातात बटण. बाहेरून मी बारीक-मोठे आवाज सोडते. ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. मध्ये काच असते. शेलार त्या काचेतून माझा उजवा खांदा बघत होते. हात मशीनकडे गेला की खांदा हलतो, आणि खांदा हलला की ते बटण दाबत होते.

मी दार उघडून आत गेले. समोर उभं राहून म्हटलं, "खुर्ची भिंतीकडे फिरवा."

"का?"

"तुम्ही कानानं नाही, डोळ्यानं परीक्षा देताय."

"नजर ठेवायची सवय हाय मॅडम," ते म्हणाले. पण खुर्ची फिरवली.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं काढली. नंतर देहूरोडला माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आले. एक निवृत्त कर्नलसाहेब ती चालवतात. आमच्याकडे नोकरीचं मार्गदर्शन आहे, समुपदेशन आहे आणि माझी ही कानाची खोली आहे. ती खोली आणि आतलं बरंचसं सामान ब्रिटनमधल्या एका संस्थेच्या मदतीनं उभं राहिलं. ती संस्था तिकडच्या माजी सैनिकांचं आणि त्यांच्या कुटुंबांचं काम करते. बंदुका-तोफांनी कान जातात, हे दोन्हीकडं सारखंच.

शेलार तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, आता पिंपळे गुरवला घर. चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर. रोज नाशिक फाट्यावरून कंपनीची बस पकडायचे. ताठ चाल, कडक इस्त्री, कामात खोट नाही. पण गेल्या आठवड्यात कंपनीच्या यार्डात एक फोर्कलिफ्ट रिव्हर्स येत होती आणि हे तिच्या वाटेत पाठमोरे उभे राहिले. रिव्हर्सचा पीक-पीक आवाज चालू होता. दोघांनी हाका मारल्या. शेवटी एका ड्रायव्हरनं पट्ट्याला धरून त्यांना बाजूला ओढलं. एचआरनं त्यांना घरी बसवलं आणि सांगितलं, कानाचं फिटनेस आणा, मगच या.

भिंतीकडे तोंड करून बसल्यावर खरं चित्र आलं. जाड, खर्जातले आवाज त्यांना चांगले ऐकू येत होते. पट्टी चढत गेली की ऐकू येणं कमी होत होतं आणि वरच्या टोकाला जवळजवळ काहीच नव्हतं. सोप्या भाषेत सांगायचं तर भजनात बसलं तर मृदंग ऐकू येईल, टाळ नाही. माणसाच्या बोलण्यात स, श, त, प, क हे टाळासारखे. ते गळले की बोलणं कानावर पडतं, पण कळत नाही. साठ म्हटलं तरी आठ आणि आठ म्हटलं तरी आठ.

"मग? फिट ना?" बाहेर येत त्यांनी विचारलं.

"नाही. यार्डात उभं राहायला फिट नाही."

"मला सगळं ऐकू येतंय. आता तुम्ही बोलताय, ते कळतंयच की."

मी तोंडावर फाइल धरली आणि त्याच आवाजात म्हटलं, "तुमच्या मुलीचं सासर कुठं आहे?"

ते फाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलत्यात."

"शेलारसाहेब, कानाला मशीन लावू. बराच फरक पडेल."

"मशीन म्हाताऱ्यांना. तुम्ही फिट लिहून देताय का न्हाई, तेवढं सांगा."

"नाही देऊ शकत. उद्या ड्रायव्हर जवळ नसेल."

त्यांनी टोपी उचलली, जय हिंद म्हटलं आणि निघून गेले. त्या दिवशी मी त्यांच्या नोकरीवर पाय दिला, हे त्यांच्या चालण्यातून मला नीट कळलं.

दोनेक दिवसांनी त्यांच्या पत्नी आल्या, सुनंदाताई. एकट्या आल्या होत्या. हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, त्याही फिटनेस मागणार. पण त्यांचं वेगळंच होतं.

"ताई, ह्यांचं डोक्याचं काही तपासता का तुमच्याकडं?"

"का, काय झालं?"

"माणूस आटत चाललाय. आल्या-गेल्याशी बोलत न्हाईत. लग्नाकार्याला गेलं तर मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसत्यात. मी काही विचारलं तर हूं. दुसऱ्यांदा विचारलं तर अंगावर येत्यात. मी आता बोलणंच सोडलं. पाणी आलं, गॅस संपला, एवढंच. ताट मागितलं तर मुद्दाम पाट आणून ठेवत्यात माझ्यापुढं. लेक म्हणते, बाबांना तू नकोशी झालीस."

शेवटचं वाक्य त्यांनी खाली बघून सांगितलं.

मला त्यातलं एकच वाक्य पुरेसं होतं, ताट आणि पाटाचं. ज्याला 'त' आणि 'प' ऐकू येत नाही, त्याच्यासाठी ताट आणि पाट एकच. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही. नुसतं सांगून ते कुणालाच पटत नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर एक सोय आहे. एखाद्याची तपासणी त्यात भरली की साधं बोलणं त्या माणसाला कसं ऐकू येत असेल, ते आपल्याला ऐकवता येतं. मी सुनंदाताईंना म्हटलं, "घरात त्यांना रोज जे म्हणता ते इथं माइकवर बोला." त्या लाजत बोलल्या. जेवायला चला, लेकीचा फोन आलाय, आज तब्येत कशी हाय. मग तेच मी शेलारांच्या कानांप्रमाणे बदलून सुनंदाताईंच्या हेडफोनमध्ये लावलं. पाठीमागे पंख्याचा आणि टीव्हीचा आवाज ठेवला.

त्या ऐकत राहिल्या. मी परत लावू का विचारलं, तर हातानंच हो म्हणाल्या. दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी हेडफोन काढला.

"ह्यांना मी अशी ऐकू येते?"

"हो."

"म्हंजी माझं बोलणं ह्यांच्यापर्यंत पोचतच न्हाई."

"आवाज पोचतो. शब्द पोचत नाहीत."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग एकदम व्यवहारी होऊन विचारलं, "मग आता काय करायचं? मशीनचं नाव काढलं की ते उठून जात्यात."

हे मी कर्नलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझं तो ऐकणार नाही. माझंही नाही, मी ऑफिसर. तोफेवर उभा राहिलेला माणूस लागेल. त्या ब्रिटनवाल्यांना विचार."

त्या संस्थेची एक पद्धत आहे. ज्याच्यावर ती वेळ येऊन गेली, असा माजी सैनिकच दुसऱ्याशी बोलतो. आणि घरच्यांशी घरचेच बोलतात. त्यांनी आम्हाला ब्रायन नावाचा निवृत्त तोफची आणि त्याची बायको जोन अशी जोडी सुचवली. व्हिडिओ कॉल ठरला. शेलारांना कर्नलसाहेबांनी बोलावलं होतं, म्हणून ते आले. सुनंदाताई शेजारी बसल्या. दुभाषा मी. आपली दुपार होती, त्यांची सकाळ.

पहिली दहा मिनिटं वाया गेली. ब्रायनचं इंग्रजी मलाच धड कळेना आणि माझं त्याला. शेलार घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात ब्रायननं हातानं तोफेत गोळा भरण्याची खूण केली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. शेलार खुर्चीत पुढं सरकले. त्यांनीही हातानं काहीतरी उलट दाखवलं. मग तोफ कुठली, नळी केवढी, असं सुरू झालं. त्यातलं मला काहीच कळत नव्हतं. त्या दोघांना सगळं कळत होतं.

मग ब्रायननं कानामागचं मशीन काढून कॅमेऱ्यासमोर धरलं.

शेलार म्हणाले, "त्यांना विचारा, हे लावल्यावर लोक हसले का?"

मी विचारलं. ब्रायन म्हणाला, "हसले. मग ते काय बोलून हसतात ते मला ऐकू यायला लागलं. तेव्हा थांबले."

शेलार हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. सुनंदाताई म्हणाल्या की त्यांनीही बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

जोन फारशी बोलली नव्हती. शेवटी तिनं सुनंदाताईंसाठी निरोप सांगितला. नवऱ्याचं मशीन आधी बरेच महिने मोज्यांच्या खणात पडून होतं, ती म्हणाली. तीही रागावून दुसऱ्या खोलीतून ओरडत राहायची. नंतर तिनं एक नियम केला. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, तोंड उजेडात ठेवायचं, मग बोलायचं. मशीन लावून सगळं होत नाही, असंही ती म्हणाली.

मी भाषांतर केलं. सुनंदाताईंनी नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. ते वळले.

"घेऊन बघा की एकदा," त्या म्हणाल्या.

"बघू," शेलार म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

मशीन बसवलं त्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. होतही नाही. कागदाची चुरचुर, पंखा, बाहेरची वाहतूक, सगळं एकदम अंगावर येतं. मेंदूला त्या आवाजांची सवय गेलेली असते. "कानात रवा भाजतंय कुणीतरी," शेलारांनी तक्रार केली. चारच दिवसांनी मशीन डबीत गेलं. पण सुनंदाताईंनी भांडण केलं नाही. संध्याकाळी टीव्ही बंद करायचा, मशीन लावून दोघांनी चहाला बसायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. आधी चहापुरतं, मग जेवणापर्यंत. महिन्याभरात ते सकाळी दाढी झाली की मशीन लावायला लागले. मी पुन्हा तपासलं. शांत खोलीत समोरच्याचं बोलणं त्यांना जवळजवळ पूर्ण कळत होतं.

राहिली नोकरी. मी चाकणला गेले. एचआर मॅनेजर गायकवाड म्हणून होते. तरुण, घाईत.

"मॅडम, सरळ सांगा. फिट की अनफिट?"

"यार्डला अनफिट. गेट ऑफिसला फिट."

"मधलं काही नसतं आमच्याकडे."

"माणसात असतं. मशीन लावूनही गोंगाटात आवाज कुठून आला ते त्यांना नीट कळणार नाही. म्हणून यार्ड नको. व्हिजिटर गेटच्या केबिनला काच आहे, आत शांत आहे, समोर एका वेळी एक माणूस. तिथं ते काम करू शकतात."

"उद्या काही झालं तर माझ्यावर येईल."

"मी लिहून देते, सहीनिशी. आणखी एक विचारते. तुमच्या प्रेस शॉपमधली माणसं त्याच यार्डातून कँटीनला जातात ना? त्यांचे कान कोणी तपासलेत?"

गायकवाडांनी हातातलं पेन खाली ठेवलं. प्रेस शॉप म्हणजे जिथं पत्रा ठोकून आकाराला आणतात ती जागा. तिथं दिवसभर जो आवाज असतो, तो हळूहळू तोफेचंच काम करतो.

"तुम्ही आमच्यावर केस बनवताय का, मॅडम?"

"नाही. फोर्कलिफ्टला मागं निळा दिवा लावा. रिव्हर्स येताना जमिनीवर उजेड पडतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला दिसेल."

त्यांनी सेफ्टी ऑफिसरला बोलावलं. दोघं खिडकीशी जाऊन बोलले. परत येऊन गायकवाड म्हणाले, "तीन महिने व्हिजिटर गेटला ट्रायल. दिव्याचं बघतो."

हे सांगायला मी शेलारांना फोन केला. त्यांना आनंद झाला नाही. "म्हणजे मी आता खुर्चीवर बसून पास फाडायचे," ते म्हणाले. यार्ड त्यांचं होतं. तिथं त्यांच्या शब्दावर ट्रक थांबायचे. मी म्हटलं, "हो, तसंच." त्यांनी फोन ठेवला. ट्रायलला मात्र वेळेवर हजर झाले.

तीन महिने संपले आणि कोणी काही विचारलं नाही, म्हणून ते तिथंच आहेत. दिवे लागले. पुढे प्रेस शॉपच्या माणसांची तपासणी करायला कंपनीनंच मला बोलावलं, आणि शेलारांसारखी चित्रं मला तिथं बरीच सापडली. त्या माणसांच्या कानांचं काम अजून चालू आहे. शेलारांचा माझ्यावरचा राग पुरता गेलेला नाही. भेटले की जय हिंद म्हणतात आणि मशीनची बॅटरी लवकर संपते म्हणून तक्रार करतात. ती खरंच लवकर संपते, कारण ते आता दिवसभर लावतात.

सुनंदाताईंना विचारलं, घरी कसं चाललंय? त्या म्हणाल्या, "बोलत्यात आता. उलटं पण बोलत्यात. आधी हूं तरी म्हणायचे."

तेव्हापासून मी एक नियम केलाय. पहिल्या तपासणीला माणसाला एकट्याला बोलवत नाही, घरातलं कोणीतरी बरोबर लागतं. मशीन कानात बसवायला मला अर्धा तास पुरतो. ते कानात टिकवायचं काम माझ्या हातात नाही, आणि त्याचं शिक्षण आमच्या कॉलेजात कोणी दिलं नव्हतं.